भेटीवर शुल्क, देणगीला अभय

१२ डिसेंबर २०१९ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना काढली. टपालाने अथवा कुरिअरने परदेशातून येणारी जी वस्तू भेट म्हणून सीमाशुल्कातून सोडवून घेतली जाते, तिच्या आयातीस त्या दिवसापासून बंदी करण्यात आली. अपवाद दोनच ठेवले गेले : जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीच्या अपवादापुढे कंसात एक खुलासाही जोडण्यात आला. राखी चालेल, मात्र राखीसोबत पाठवलेली भेट चालणार नाही! पूर्ण शुल्क भरण्याची तयारी असेल तर भेटवस्तू मागवण्यास हरकत नाही, अशी पुस्ती होतीच. तोपर्यंत ५,००० रुपयांपर्यंतची खरीखुरी भेट शुल्कमुक्त येत असे. ती सवलत एका फटक्यात गेली. २०२३ च्या विदेश व्यापार धोरणातही ही तरतूद कायम राहिली.

एवढ्याशा गोष्टीवर एखाद्या समाजवादी साप्ताहिकाने जागा का खर्च करावी, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांच्या मनात येईल. बेकारी, शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांचे हाल हे प्रश्न डोळ्यांसमोर असताना परदेशातून येणाऱ्या पार्सलांची चिंता कोणी करावी? परंतु करपद्धतीचे खरे स्वरूप पुष्कळदा तिच्या कोपऱ्यांत दिसते. राज्यसंस्था कोणाकडे संशयाने पाहते, कोणावर डोळे मिटून विश्वास ठेवते आणि कोणासाठी कायदा मागील तारखेपासून बदलते, हे या एका विषयात जितके स्पष्ट दिसते तितके मोठ्या अंदाजपत्रकी चर्चांत दिसत नाही.

बंदीमागचे कारण

प्रथम शासनाची बाजू नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती पोकळ नव्हती. आंतरराष्ट्रीय टपालाच्या घोषणापत्रावर ‘भेट’ असा एक छोटा चौकोन असतो. त्यात खूण केली की आतील वस्तू विक्रीची नसून प्रेमाने पाठवलेली आहे, असे पाठवणारा सांगतो. काही चिनी ई-व्यापारी कंपन्यांनी या चौकोनाचा धंदा केला. भारतीय ग्राहकाने मागवलेले कपडे, खेळणी, विजेच्या छोट्या वस्तू एकेकट्या पाकिटांत घालून ‘भेट’ म्हणून येऊ लागल्या. मूळ शुल्कही बुडाले आणि वस्तू व सेवा करही बुडाला.

यात नुकसान कोणाचे झाले? सरकारी तिजोरीचे झालेच. त्याहून अधिक ते शुल्क आणि कर भरून व्यवहार करणाऱ्या छोट्या दुकानदाराचे, घरगुती उद्योग चालवणाऱ्या बाईचे, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या कारागिराचे झाले. आयातशुल्क हे स्वदेशी उत्पादकाचे एक संरक्षण असते आणि समाजवादी चळवळीने ते नेहमीच न्याय्य मानले आहे. मुक्त व्यापाराच्या नावाखाली ही भिंत पाडा, असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत उभे राहण्याचे समाजवाद्यांना काहीच कारण नाही. ‘भेट’ या शब्दाआडून होणारा व्यापार बंद व्हावयासच हवा होता.

प्रश्न आहे तो उपायाचा. एखाद्या व्यापाऱ्याने खोट्या नावाने माल आणला तर त्या व्यापाऱ्यास पकडावे, हे शासनाचे काम. ते अवघड वाटले म्हणून ज्याने कधी व्यापार केला नाही त्याचीही वाट बंद करणे, हा कारभाराचा आळस झाला. व्यापारी आणि आप्त यांतील फरक ओळखणे अशक्यही नव्हते. एकाच पाठवणाऱ्याकडून हजारो अनोळखी लोकांना जाणारी हजारो पाकिटे आणि एका मुलाकडून आईला वर्षातून दोनदा येणारे पार्सल, यांत गोंधळ होण्याचे कारण नाही. कुरिअरने माल सोडवताना घेणाऱ्याची ओळख पटवणारी कागदपत्रे मागितली जातातच. म्हणजे माहिती शासनाच्या हाती होती. ती वापरण्याऐवजी दार लावून घेणे सोपे वाटले.

विमानाने येणारा आणि न येणारा

आता या नियमाशेजारी दुसरा नियम ठेवून पाहावा. परदेशातून विमानाने येणाऱ्या प्रवाशास सामानात काही किमतीपर्यंतच्या वस्तू शुल्काशिवाय आणता येतात. २०१६ च्या नियमांनी ही मर्यादा सर्वसाधारणपणे ५०,००० रुपये ठेवली होती आणि २०२६ मध्ये ती ७५,००० रुपये झाली. त्या वस्तू तो स्वतः वापरो की नातेवाइकांना भेट देवो, कायद्याची हरकत नाही. वर्षातून तीन वेळा परदेशवारी करणारा तीनदा ही सवलत घेऊ शकतो.

याउलट जो येऊ शकत नाही त्याचे काय? आखाती देशांत सुमारे नव्वद लाख भारतीय आहेत. त्यांतील फार मोठा वर्ग बांधकामावर, गोदामांत, स्वयंपाकघरांत, घरकामात राबतो. त्यांच्यापैकी कित्येकांना दोन-दोन वर्षे रजा मिळत नाही. मंडणगड, दापोली, खेड, म्हसळा, श्रीवर्धन या भागांतील किती तरी घरे पिढ्यान्‌पिढ्या या नोकऱ्यांवर उभी आहेत. घरातला माणूस स्वतः येऊ शकत नाही म्हणूनच तो वस्तू पाठवतो. लेकीच्या लग्नासाठी काही, बापाच्या गुडघ्यासाठी पट्टा, धाकट्यासाठी घड्याळ. विमानातून उतरणाऱ्याच्या हातातील पिशवी शुल्कमुक्त आणि तीच वस्तू पार्सलात घातली की शुल्कपात्र, हा भेद कोणत्या तत्त्वावर उभा आहे? तिकिटाचे पैसे व रजा ज्याच्यापाशी आहे त्याच्यावर राज्याचा विश्वास, आणि ज्याच्यापाशी नाही त्याच्यावर संशय, याखेरीज दुसरे तत्त्व त्यात सापडत नाही.

शुल्काची आकारणी कशी होते, हेही कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे. सीमाशुल्क मालाच्या किमतीवर लागते आणि त्या किमतीत सामान्यतः वाहतूकखर्चाचा अंशही मिळवला जातो. त्या शुल्कावर समाजकल्याण अधिभार. मग किंमत, शुल्क व अधिभार या साऱ्यांच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर. समजा, मूळ शुल्क १० टक्के आणि एकात्मिक कर १८ टक्के आहे. १०० रुपयांच्या वस्तूवर १० रुपये शुल्क, १ रुपया अधिभार आणि १११ रुपयांवर १८ टक्के म्हणजे १९.९८ रुपये कर. एकूण जवळजवळ ३१ रुपये. करावर कर चढत जाण्याची ही रीत आहे. अलीकडच्या अर्थसंकल्पांत वैयक्तिक वापराच्या आयातीवरील मूळ शुल्काचा दर खाली आणला गेला, हे मान्य केले पाहिजे. परंतु दर कमी झाल्याने तत्त्वाचा प्रश्न सुटत नाही. व्यापारासाठी आणलेल्या मालावर कर भरणारा तो कर ग्राहकाकडून वसूल करतो. भेट घेणारी म्हातारी तो कोणाकडून वसूल करणार?

इतर देशांनीही पार्सलांवरील नियंत्रणे कडक केली आहेत. तरी त्यांनी व्यापार व भेट यांत भेद राखला. ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंतची व युरोपीय संघात ४५ युरोंपर्यंतची भेट करमुक्त आहे. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून कमी किमतीच्या पार्सलांची शुल्कमाफी रद्द केली, तेव्हाही १०० डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटीची सूट नियमांत शिल्लक ठेवली. त्या निर्णयाचा चटका महाराष्ट्रालाही बसला. शुल्क कोणी व कसे गोळा करावे याची व्यवस्था नसल्याने भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेस जाणारी पार्सले थांबवली. प्रारंभी पत्रे आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू वगळल्या होत्या, पुढे त्याही थांबल्या. १५ ऑक्टोबरला ही सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा दिवाळी पाच-सहा दिवसांवर आली होती. मुलांना फराळाचा डबा टपालाने पाठवणाऱ्या आईबापांनी त्या वेळी अमेरिकी सरकारला दोष दिला आणि तो योग्यच होता. परंतु जी मुभा अमेरिकेने कागदावर तरी ठेवली, ती भारताने २०१९ सालीच काढून टाकली होती, याची आठवण तेव्हा फारशी कोणी केली नाही.

प्राणवायूवरील कर

या धोरणाचा कस लागला तो २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत. करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूविना माणसे मरत होती. परदेशांतील आप्त प्राणवायू सांद्रक यंत्रे पाठवू लागले. केंद्राने त्यांवरील मूळ सीमाशुल्क तात्पुरते माफ केले. तथापि एकात्मिक कर राहिला. १ मे रोजी वैयक्तिक वापरासाठी आणलेल्या यंत्रांवरील हा कर २८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणला गेला. ३ मे रोजी दुसरा आदेश निघाला. राज्य शासनाने मान्य केलेल्या संस्थेमार्फत फुकट वाटण्यासाठी येणाऱ्या साहित्यावर हा करही माफ झाला. संस्थेमार्फत आलेले यंत्र करमुक्त आणि अमेरिकेतील आप्ताने दिल्लीतील वृद्ध रुग्णास थेट पाठवलेले तसलेच यंत्र करपात्र, अशी स्थिती निर्माण झाली.

तो रुग्ण न्यायालयात गेला. २१ मे २०२१ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने वैयक्तिक वापरासाठी भेट म्हणून आलेल्या यंत्रांवरील ही आकारणी घटनाबाह्य ठरवली. समानतेचे चौदावे कलम आणि जीविताचे एकविसावे कलम हे त्या निर्णयाचे आधार होते. केंद्र सरकारने काय करावे? निर्णय मानून तो कर सोडून द्यावा, की दिल्लीत चिता विझल्या नसताना बारा टक्क्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे? सरकारने दुसरा मार्ग निवडला आणि १ जूनला त्या निर्णयास स्थगिती मिळवली. १२ जूनच्या बैठकीत वस्तू व सेवा कर परिषदेने हा दर सप्टेंबरअखेरपर्यंत ५ टक्क्यांवर आणला. तोवर लाट ओसरू लागली होती.

करांच्या सवलती देणे हा धोरणाचा विषय आहे, न्यायालयाने त्यात पडू नये, असे शासनाचे म्हणणे होते. लोकनियुक्त सरकारच्या अधिकाराविषयी आस्था असणाऱ्यांना या युक्तिवादाचे वजन मान्य करावे लागेल. परंतु धोरण ठरवण्याचा अधिकार सांगणाऱ्याने धोरणामागचे कारणही सांगावयास हवे. संस्थेच्या हातून आलेला श्वास आणि पुतण्याभाच्याच्या हातून आलेला श्वास यांत भेद करण्याचे कोणते सामाजिक कारण होते? उत्तर एकच देता येते. राज्यास मान्यताप्राप्त मध्यस्थ समजतो, नागरिक समजत नाही.

हे बदलता येते, याचा दाखलाही शासनानेच दिला आहे. दुर्मीळ आजारांवरील परदेशी औषधांसाठी पूर्वी रुग्णाच्या कुटुंबास दिल्लीकडे अर्जविनंत्या कराव्या लागत. ज्याचे दुःख वृत्तपत्रांत गाजले, ज्याच्यासाठी एखाद्या नेत्याने पत्र लिहिले, त्याचा कर माफ होई. बाकीच्यांनी वाट पाहावी. १ एप्रिल २०२३ पासून २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातील सर्व आजारांच्या वैयक्तिक आयातीवरील मूळ सीमाशुल्क माफ झाले. अट एवढीच की आरोग्य संचालकाचे अथवा जिल्हा पातळीवरील शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र असावे. मेहेरबानीचे रूपांतर हक्कात झाले आणि त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणचा एक सही-शिक्का पुरला. चाकांची खुर्ची, श्रवणयंत्र, प्राणवायू यंत्र यांना तोच न्याय का लावू नये?

बड्यांची भेट

वस्तूकडून पैशाकडे वळले की राज्यसंस्थेचा चेहरा एकदम बदलतो. प्रा. निकोलस काल्डॉर यांनी १९५६ मध्ये भारताच्या करपद्धतीविषयी अहवाल दिला. त्यातील एक शिफारस देणग्यांवर कर बसवण्याची होती. श्रीमंत माणूस हयातीतच संपत्ती नातेवाइकांच्या नावे करून मृत्यूकर व संपत्तिकर चुकवतो, ती वाट बंद करावी हा हेतू. पंडित नेहरूंनी अर्थखाते स्वतःकडे असताना १९५८ चा अर्थसंकल्प मांडला आणि त्यात हा दानकर आणला. पुढे काय झाले? १९८५ मध्ये मृत्यूकर गेला, १९९८ मध्ये दानकर गेला, २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपत्तिकरही मोडीत काढला. १९९१ च्या परकीय चलन टंचाईत तर परदेशातून आलेल्या रकमेचा उगम विचारला जाणार नाही, असे अभय देणारा कायदाच संसदेने केला.

आज अनोळखी माणसाकडून वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम मिळाली तर ती उत्पन्नात धरली जाते. परंतु कायद्याने ठरवलेल्या नातेवाइकाकडून आलेल्या रकमेस मर्यादाच नाही. परदेशातील भाऊ भावाला कोट्यवधी रुपये पाठवो, त्यावर प्राप्तिकर नाही. नातेवाइकाकडून वर्षाला १० लाखांपर्यंत आलेली रक्कम विदेशी योगदान कायद्याखाली शासनास कळवण्याचीही गरज २०२२ पासून उरली नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये अनिवासी भारतीयांनी सुमारे ११८.७ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले आणि त्यातील पाचवा हिस्सा एकट्या महाराष्ट्रात आला. या पैशाचा फार मोठा भाग घामाचा आहे आणि त्यावर कर बसवा असे कोणी म्हणणार नाही. मात्र कोटींच्या दानाला विचारणा नाही आणि घड्याळाच्या पार्सलाला आहे, ही विसंगती डोळ्यांआड करता येत नाही.

सर्वांत मोठे अभय राजकीय पक्षांनी स्वतःला दिले. विदेशी योगदान नियमन कायदा आणीबाणीत, १९७६ साली आला आणि २०१० मध्ये नव्याने झाला. परदेशी मालकीच्या कंपनीशी निगडित उद्योगांकडून देणग्या घेतल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये काँग्रेस व भारतीय जनता पक्ष या दोघांनाही दोषी ठरवले. त्यानंतर २०१६ च्या वित्त कायद्याने ‘विदेशी स्रोत’ या शब्दाची व्याख्या २०१० पासून बदलली आणि २०१८ च्या वित्त कायद्याने तो बदल थेट ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेला. चार दशकांच्या देणग्या एका वाक्याने शुद्ध झाल्या. त्याच राज्यकर्त्यांनी २०२० मध्ये स्वयंसेवी संस्थांवर मात्र नवी दुरुस्ती लादली. खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या संस्थेनेही परदेशी मदत नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या एकाच शाखेतील खात्यात घेतली पाहिजे, असा नियम झाला. पक्षाला मागील तारखेची क्षमा, संस्थेला दिल्लीचा फेरा आणि बहिणीच्या राखीला कंसातील इशारा!

दंडवत्यांनी दाखवलेली वाट

अशा कायद्यांचे शेवटी काय होते, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. १९६३ साली मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणले आणि १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला. हेतू उदात्त होता. सोन्याचा हव्यास व चोरटी आयात थांबवणे हा तो हेतू. प्रत्यक्षात तस्कर मोकळे राहिले आणि गावोगावचे सोनार देशोधडीला लागले. १९९० मध्ये अर्थमंत्री म्हणून प्रा. मधु दंडवते यांनी आपल्या अर्थसंकल्पात तो कायदा रद्द करण्याची घोषणा केली. ज्या राजापूर मतदारसंघातून ते निवडून येत, त्या कोकणाला परदेशी नोकरी, चाकरमानी आणि किनाऱ्यावरची चोरटी आयात या तिन्ही गोष्टी ठाऊक होत्या. कायदा फसला आहे हे मान्य करून तो मागे घेण्यात राज्याची अप्रतिष्ठा नाही, हे त्या समाजवादी अर्थमंत्र्याने दाखवून दिले.

त्या वाटेने जावयाचे तर मागण्या साध्या आहेत. एक, व्यक्तीने व्यक्तीस पाठवलेल्या भेटीसाठी दरवर्षी, दर घेणाऱ्यामागे एक शुल्कमुक्त मर्यादा असावी आणि ती भावनिर्देशांकाशी जोडावी. २०१६ च्या प्रवासी सामानाच्या नियमांत परदेशी राहून आलेल्या स्त्रीस ४० ग्रॅम दागिन्यांची मुभा होती, पण १ लाख रुपयांच्या आतच. २०२५ मध्ये सोने ग्रॅमला १०,००० रुपयांच्या वर गेले आणि ४० ग्रॅमची मुभा १० ग्रॅमचीही उरली नाही. रुपयांत गोठवलेली सवलत महागाई हळूहळू गिळून टाकते. दोन, औषधे व वैद्यकीय साधने यांना जिल्हा पातळीवरील प्रमाणपत्रावर सर्व करांची माफी हक्काने मिळावी. तीन, परदेशी गेलेल्या श्रमिकास, तो ज्या वर्षी येऊ शकला नाही त्या वर्षी, प्रवाशाची सवलत पार्सलाद्वारे वापरता यावी. चार, ‘भेट’ म्हणून माल घुसवणाऱ्या कंपनीवर आणि तिच्या इथल्या हस्तकांवर जबर दंड बसावा, म्हणजे सावंतवाडीच्या कारागिराचे संरक्षण शिथिल होणार नाही. पाच, फार मोठ्या रकमांच्या दानावर व वारशावर क्रमवर्धी कर पुन्हा सुरू करावा.

पहिल्या तीन मागण्यांमुळे तिजोरीस जी तूट येईल, तिच्या अनेकपट भरपाई पाचव्या मागणीने होईल. म्हणून महसूल बुडेल हा आक्षेप टिकत नाही. हा विषय संसदेत मांडण्याजोगा आहेच, परंतु त्याआधी तो कोकणातील मोहल्ल्यांत व वाड्यांत, स्थलांतरित कामगारांच्या कुटुंबांच्या सभांत मांडला गेला पाहिजे. भुर्दंड भरणारी ही माणसे कोणत्याच व्यापारी मंडळाची सभासद नाहीत आणि अर्थसंकल्पापूर्वी अर्थमंत्री ज्यांना चर्चेस बोलावतात त्यांच्या यादीत त्यांचे नाव नसते. त्यांच्या वतीने बोलण्याचे काम पक्षाने अंगावर घेतले पाहिजे.